कटर घेण्याआधी काम ठरवा

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरूडपासून मंडणगड, दापोलीपर्यंतच्या वाड्या आडव्या झाल्या. माड, पोफळी, आंबे, फणस रस्त्यांवर, कौलांवर, विहिरींवर पडले होते. त्या पावसाळ्यात आमच्या भागात घरोघरी चेनसॉ आले. आमच्याकडे त्याला सगळे कटरच म्हणतात. दुकानात जो शिल्लक असेल तो लोक उचलत होते. पुढे त्यातले बरेच कटर पडवीत धूळ खात पडले आणि ओळखीतल्या काही जणांना कायमची दुखापत झाली. मी वाडी सांभाळून झाडकाम करतो, पडलेल्या झाडांच्या फळ्या पाडतो, शेजाऱ्यांचे कटर खोलून दुरुस्तही करतो. या कामात जे पाहिलं, ते कटर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

शेजारच्या वाडीत एक जुना फणस पडला होता. मालकांना त्याच्या फळ्या काढून घराला दारं करायची होती. दुकानदाराने त्यांना ५८ सीसीचा, २२ इंची बारचा (चेन ज्यावर फिरते त्या पट्टीचा) स्वस्त कटर दिला. "काका, यात सगळं होतं," असं सांगून वर फळ्या पाडायची चौकटही विकली. दुसरी फळी अर्ध्यावर आली असताना मशीन एकदम किंचाळलं आणि बंद पडलं. दोरी ओढली तरी हलेना. मी सिलिंडर काढून पाहिला. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या अंगाला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, ॲल्युमिनियम घासून सिलिंडरच्या भिंतीला लागलं होतं आणि रिंग खाचेतच जाम झाली होती. मालकांनी दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. फांद्या तोडायला तो कटर पुरला असता. त्याच्या गळ्यात चिरकाम मारलं गेलं.

तोडणं वेगळं, चिरणं वेगळं

ओंडका आडवा तोडताना एक काप थोडक्यात आटोपतो आणि दोन कापांमध्ये इंजिनाला उसंत मिळते. फळी चिरताना तेच इंजिन कितीतरी मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर, पूर्ण भाराखाली चालतं. म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा.

पोफळी, फांद्या, सरपण एवढंच काम असेल तर ३० ते ४० सीसीचा हलका कटर आणि १४ किंवा १६ इंची बार पुरतो. आंब्या-फणसाचे बुंधे तोडायचे तर ५० ते ६० सीसी आणि १८ ते २० इंच. फळ्या पाडायच्या असतील तर ७० सीसीच्या खाली उतरू नका. दोन फुटांहून रुंद ओंडका असेल तर ९० सीसीच्या आसपासचं मशीन लागतं. बारचे चार-सहा इंच चौकटीतच जातात, तेही धरून चाला. लांब बार दिसायला रुबाबदार असतो, पण कमी ताकदीच्या इंजिनाला तो ओढवत नाही आणि सगळा ताण क्लचवर येतो.

एका हाताने धरता येतील असे वरच्या मुठीचे छोटे कटर हल्ली सर्रास विकले जातात. ते दोराने बांधून झाडावर चढणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी आहेत. जमिनीवरच्या कामाला ते घेऊ नका.

चेन जुळवून घ्या

चेन मागताना नुसती इंचात लांबी सांगून भागत नाही. पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (खालच्या दात्यांची जाडी) आणि खालच्या दात्यांची संख्या, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. बहुतेक बारच्या बुडाशी हे आकडे कोरलेले असतात, त्यांचा फोटो काढून दुकानात न्या. पिच .३२५ चा असेल तर बारच्या टोकाचं चाक आणि क्लचवरचा स्प्रॉकेटही त्याच पिचचा हवा. नाही तर नवी चेन आठवडाभरातही खराब होते.

चेनचा ताण बसवताना बारचं टोक वर उचलून धरा आणि मग नट आवळा. चेन बारच्या खालच्या कडेला लोंबता कामा नये आणि हातमोजा घालून ओढली तर मोकळी सरकली पाहिजे. नवी चेन सुरुवातीला लांबते, म्हणून पहिल्या तासात पुन्हा पुन्हा तपासा. काम संपलं की ताण थोडा सैल करा. गरम चेन थंड होताना आखडते आणि शाफ्टवर जोर येतो.

चिरकामाला चेनही वेगळी लागते. आडव्या कापाच्या चेनच्या दातांना साधारण २५ ते ३० अंशांचा कोन असतो, चिरायच्या चेनला १० अंशांच्या आसपास. त्याने काप हळू होतो, पण फळी गुळगुळीत निघते आणि मशीन धक्के खात नाही.

धार आणि तेल

धार पाहायची तर भुसा हातात घ्या. आडव्या कापातून जाड, चपट्या कपच्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, कापातून धूर आला, मशीन दाबावं लागलं, की थांबा आणि कानस घ्या. .३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, छोट्या कटरच्या थ्री-एट लो प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर चालवा आणि प्रत्येक दाताला सारखेच हात द्या. एका बाजूचे दात आखूड झाले की काप वाकडा जातो. दातापुढची टेकडीही अधूनमधून मापून उतरवावी लागते. दाताहून ती साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावी.

माडाच्या खोडात सिलिका असते आणि बाहेरचा थर टणक असतो, त्यामुळे चेन लवकर बोथट होते. सालीत अडकलेली वाळू त्याहून वाईट. खोड आधी झाडून, धुऊन घ्या. घराजवळच्या झाडात खिळे आणि कपडे वाळत घालायच्या तारा हमखास रुतलेल्या असतात, त्याही शोधा.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल पुस्तिकेत लिहिलेल्या प्रमाणातच घाला. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, २५:१ म्हणजे ४०. अंदाजाने ओतू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून महिनाभर पडून राहिलेलं मिश्रण वापरू नका आणि कटर ठेवून देताना टाकी रिकामी करा. चिरकामाला लावण्याआधी कार्ब्युरेटर जाणत्या मेकॅनिककडून किंचित जास्त पेट्रोलवर सेट करून घ्या. फणस चिरणाऱ्या त्या मशीनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होतं, म्हणून ते आतून जळालं. आयडलवर चेन फिरता कामा नये. चेनला बारचंच तेल द्या, गाडीतून काढलेलं काळं ऑइल नको. तेल पोचतंय का हे पाहायला टोक फिकट लाकडासमोर धरून रेस द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

पडलेलं झाड शांत नसतं

वादळाने उपटलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा खोडाच्या वजनाने आडवा राहिलेला असतो. खोड कापून वेगळं केलं की तो झटक्यात उभा राहू शकतो. आमच्या डोळ्यांदेखत एका आंब्याचा गड्डा असा उलटला. त्या खड्ड्यात पाचच मिनिटांपूर्वी मुलं खेळत होती. खड्ड्यात आणि गड्ड्याच्या मागे कोणालाही थांबू देऊ नका.

वाकलेल्या फांदीची एक बाजू ताणलेली असते, दुसरी दबलेली. आधी दबलेल्या बाजूने एक तृतीयांश कापा, मग ताणलेल्या बाजूने पूर्ण करा. बारच्या नाकाचा वरचा भाग कशालाही टेकू देऊ नका. तो टेकला की कटर उसळून तोंडावर येतो. चेन ब्रेक रोज तपासा. हाफपँट आणि चप्पल घालून कटर हातात घेऊ नका. हेल्मेट, तोंडावरची जाळी, कानाचे मफ, चॅप्स (पायांवरचं संरक्षक आवरण) आणि बूट यांचा खर्च कटरच्या किमतीतच धरा.

फळी पाडण्याआधी

कटरचा काप ८-९ मिलिमीटर जाड असतो, बँडसॉचा २-३. जवळ आरागिरणी असेल आणि ओंडका तिथवर नेता येत असेल तर गिरणीतच चिरा, लाकूड वाचेल. जिथे गाडी पोचत नाही तिथे कटर कामाला येतो. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे तोडीची परवानगी आणि लाकूड हलवायचं तर वाहतूक परवाना आधी वन खात्यात विचारून घ्या. फळ्या निघाल्या की टोकांना रंग लावा, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत रचा. इंचभर जाडीला वर्षभराचा धीर लागतो.

दुकानात जाताना एका कागदावर तीन ओळी लिहून न्या: कोणती झाडं, किती जाड बुंधे, फळ्या पाडायच्या की नाहीत. समोरचा दुकानदार त्या वाचून प्रश्न विचारत नसेल तर दुसरं दुकान शोधा. वर्षातून एखादंच झाड पाडायचं असेल, तर कटर घेऊच नका. अनुभवी माणसाला बोलवा आणि तो मागेल ती मजुरी घासाघीस न करता द्या.