मशेरीची डबी आणि आईचे दात

आईची मशेरी आमच्या घरात कुणालाच खटकायची नाही. चुलीवर तवा तापवून ती तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची. खकाणा उठला की आम्ही पोरं ठसकत अंगणात पळायचो. मग ती भुकटी डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, निजताना बोटानं हिरड्यांवर घासायची आणि चिमूटभर खालच्या ओठात तशीच ठेवायची. नवी नवरी असताना दाढ ठणकायला लागली, तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी तिच्यापुढं ही डबी सरकवली होती. दुखणं दबलं आणि सवय जडली. साताऱ्याकडच्या आमच्या गावात निम्म्या बायकांची कहाणी हीच.

साठी उलटल्यावर तिचे पुढचे खालचे दात हलायला लागले. भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय खाता येईना. तरी ती म्हणायची, "माझ्या हिरड्यांतनं कधी रगत आलं न्हाय, हिरड्या घट हायेत." दंतवैद्यांनी हा गैरसमज आधी काढला. तंबाखूनं हिरड्यांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजत असलं तरी रक्त फारसं दिसत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो.

मग त्यांनी तिच्या हातात आरसा दिला आणि ओठ खाली ओढला. चिमूट ठेवायच्या नेमक्या जागी सुरकुतलेला पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी तो गॉजनं घासून दाखवला. "मावशी, हा पुसून जात नाही. तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा."

रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही. कर्करोग निघाला नाही. पण असे काही चट्टे पुढं कर्करोगाकडं वळतात, म्हणून मशेरी बंद आणि नेमानं तपासणी, असं डॉक्टरांनी बजावलं.

सोडणं सोपं नव्हतं. डोकं उठायचं, पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड तर विचारू नका. ज्यांच्या घरी कुणी मशेरी लावतं त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: रागावू नका, चारचौघांत लाजवू नका. हे निकोटिनचं व्यसन आहे, त्या बाईचा हट्ट नव्हे. आईच्या मशेरीच्या वेळा ठरलेल्या होत्या. त्या त्या वेळी आम्ही तिच्या हातात ब्रश द्यायचो किंवा भाजलेली बडीशेप. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं. निकोटिनची गोळी किंवा पट्टी डॉक्टरांना विचारूनच वापरा. पोटुशी सून-लेक मशेरी लावत असेल तर एक दिवसही थांबू नका, निकोटिन पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली. घरच्या तव्यापर्यंत कायदा पोचत नाही, तिथं घरच्यांनीच लक्ष घालायला हवं. आठवड्यातून एकदा उजेडात आरसा घेऊन ओठ, गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखटानं होणारी आग, तीन बोटं उभी मावणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यातलं काहीही दिसलं तर दाखवून या.

दाढ दुखली म्हणून तिच्याशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यानं हिरडी भाजते, कीड तशीच राहते. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करून दवाखाना गाठावा. दात साफ करून घेतले की हलतात, हीही अशीच एक भीती. आईलाही ती होती. प्रत्यक्षात हिरडी आणि हाड आधीच खचलेलं असतं, कीटण निघाल्यावर ते उघडं पडतं इतकंच. आईचे दोन दात काढावे लागले, बाकीचे सफाईनंतर टिकले. आता ती मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा वापरते. रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि किडीला रान मोकळं मिळतं.

पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि मशेरी किती वर्षांपासून लावता ते न लपवता सांगा.