पाळी गेल्यावरचा त्रास: लाजू नका, बोला

ताईंनो, गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ता, कर्ज सगळं बोलतो. पण खोकललं की लघवी निसटते, खाली आग होते, खाज सुटते, संबंधाच्या वेळी दुखतं, हे कोणी बोलत नाही. "वय झालं, चालायचंच" म्हणून अंगावर काढतो.

सलग 12 महिने पाळी आली नाही की ती गेली असं समजतात. या काळात शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. त्यामुळे योनीमार्ग आणि लघवीची वाट कोरडी, नाजूक होते. हा त्रास सहसा आपोआप जात नाही, उपचाराने मात्र कमी होतो.

घरी काय करायचं?

• निंदणाला, कापूस वेचायला जाताना पाणी सोबत न्या. आडोसा नाही म्हणून तहान मारू नका, लघवी दाबू नका. दोघीतिघी मिळून जा.
• योनीच्या आत साबण, डेटॉल नको. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, पुढून मागे.
• लघवी रोखताना आवळतो ते स्नायू 5 सेकंद आवळा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून 3 दा, निदान 3 महिने. लघवी करताना हा व्यायाम नको.

पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, लघवीत रक्त आलं, जळजळीसोबत थंडीताप आला किंवा अंग बाहेर आलं, तर थांबू नका. तेल्हाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. कोरडेपणावर योनीत लावायचं मलम मिळतं, पण ते डॉक्टरांनी तपासूनच. स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आधी सांगा.

येत्या बैठकीत दहा मिनिटं यासाठी ठेवा. एकीने तोंड उघडलं की बाकीच्याही बोलतील.