प्रतिकृती कशी वाचावी? जर्मन टॉर्पेडो बोट ‘एस-१००’



प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमाने, रणगाडे, जहाजे तयार करण्याचा छंद आपल्यापैकी काहींना आहे. या छंदात दुसऱ्या महायुद्धातील ‘एस-१००’ या जातीची जर्मन टॉर्पेडो बोट चांगलीच लोकप्रिय आहे. टॉर्पेडो म्हणजे पाणतीर. पाण्याखालून स्वतःच्या यंत्राने धावत जाऊन जहाजावर फुटणारे ते अस्त्र. हिटलरच्या नौदलाची ही बोट शाळेच्या प्रदर्शनात मांडावी का, असा प्रश्न एखाद्या पालकाला पडला तर तो रास्तच आहे. आमचे मत असे की ती जरूर मांडावी, मात्र मांडणाऱ्याला ती पूर्ण वाचता आली पाहिजे. म्हणून आधी गणित पाहू आणि मग इतिहास.

प्रमाणाचे गणित

या बोटीचा १:७२ प्रमाणातील संच मिळतो. खरी बोट सुमारे ३५ मीटर लांब होती. तिला ७२ ने भागले की प्रतिकृतीची लांबी साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर येते. ७.२ मीटरचा टॉर्पेडो १० सेंटिमीटरचा होतो आणि १७० सेंटिमीटर उंचीचा खलाशी जेमतेम २.४ सेंटिमीटरचा.

वजनाला मात्र हा नियम लागू नाही. बोट सुमारे १०० टनांची होती. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापे ७२ पटींनी लहान होतात, म्हणून वजनाला ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ ने भागावे लागते. उत्तर येते सुमारे २६८ ग्रॅम. प्रतिकृती पाण्यात सोडायची असेल, तर एवढे वजन ठेवल्यावरच ती खऱ्या बोटीच्या प्रमाणात बुडेल.

वेगाचा नियम आणखी निराळा आहे. इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८७२ साली डेव्हन परगण्यातील टॉर्की येथे पाण्याच्या लांब हौदात जहाजांच्या प्रतिकृती ओढून प्रयोग सुरू केले. लाटांचा आकार खऱ्यासारखा हवा असेल, तर वेगाला प्रमाणाच्या वर्गमुळाने भागावे, असे त्यांनी दाखवून दिले. ७२ चे वर्गमूळ सुमारे ८.५ आहे. एस-१०० चा ४० नॉट वेग म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. प्रतिकृतीला ताशी ८.७ किलोमीटर पुरेसे होतात.

बोटीचा जन्म

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या युद्धनौकांची संख्या आणि आकार यांवर कडक मर्यादा घातल्या. तेव्हा जर्मन नौदलाचे लक्ष लहान, वेगवान मोटारबोटींकडे वळले. ब्रेमेनजवळच्या ल्युर्सेन कारखान्याने न्यूयॉर्कचे बँकर ओटो कान यांच्यासाठी ‘ओहेका-२’ ही ३४ नॉट वेगाची सहलीची बोट बांधली होती. तिच्याच धर्तीवर १९३० साली पहिली ‘एस-बोट’ तयार झाली. ओटो कान यांचा जन्म मानहाइमच्या ज्यू कुटुंबातला. ज्यूंचा संहार करणाऱ्या राजवटीच्या आरमाराने या बोटीचा आराखडा वापरला, ही इतिहासाची क्रूर थट्टाच म्हणावी लागेल.

प्रतिकृती उलटी करून तळ पाहा. तो गोलसर आहे, त्यामुळे बोट खवळलेल्या समुद्रातही वेग टिकवून धरी. खऱ्या बोटीचा सांगाडा हलक्या धातूचा आणि त्यावरचे आवरण लाकडी फळ्यांचे असे. मागे तीन पंखे आणि तीन सुकाणू दिसतील. वेगात असताना बाजूची दोन सुकाणू बाहेरच्या बाजूस वळवली की पंख्यांचे काम सुधारे आणि मागे उठणारी लाट लहान होई. इंजिने डिझेलची होती, कारण पेट्रोलच्या मानाने डिझेलला आगीचा धोका कमी.

लाइम उपसागरातील रात्र

इथपर्यंत सारे कौतुकाचे आहे. पण ही बोट कशासाठी होती?

नॉर्मंडीच्या स्वारीची रंगीत तालीम म्हणून १९४४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य इंग्लंडमध्ये, त्याच डेव्हन परगण्यातील स्लॅप्टनच्या किनाऱ्यावर उतरण्याचा सराव करीत होते. २८ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील शेर्बूर बंदरातून आलेल्या ९ एस-बोटींनी, रणगाडे आणि सैनिक वाहणाऱ्या ८ जहाजांचा ताफा गाठला. दोन जहाजे बुडाली आणि तिसऱ्याचे मोठे नुकसान झाले. अमेरिकेचे ७४९ सैनिक आणि नौसैनिक मृत्युमुखी पडले.

टॉर्पेडोंच्या जोडीला साध्या चुकाही जबाबदार होत्या. कागदावरच्या चुकीमुळे ताफ्याचा आणि ब्रिटिश नौदलाचा रेडिओ वेगवेगळ्या लहरींवर होता, त्यामुळे सावधगिरीचा इशारा पोचला नाही. संरक्षक जहाजांपैकी एक दुरुस्तीसाठी बंदरात होते. अनेक सैनिकांनी जीवरक्षक पट्टा काखेखाली न बांधता कमरेला बांधला होता. पाण्यात पडताच ते उलटे झाले आणि बुडाले. स्वारीचा बेत फुटू नये म्हणून वाचलेल्यांना मौन पाळण्याची ताकीद मिळाली.

या हल्ल्यात सामील असलेली ‘एस-१३०’ ही बोट आजही ब्रिटनमध्ये जपलेली आहे. मृतांच्या स्मरणार्थ स्लॅप्टनजवळ टॉरक्रॉस येथे समुद्रातून वर काढलेला एक रणगाडा १९८४ पासून उभा आहे.

मांडणी कशी असावी?

नाझी ध्वजावरचे चिन्ह आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकासारखे दिसते, पण त्या ध्वजाखाली लक्षावधींचा संहार झाला. जर्मनीत शिक्षण, संशोधन, कला अशी कारणे सोडता ते जाहीरपणे दाखवण्यास कायद्याने बंदी आहे. आपणही प्रतिकृतीवर ते शोभेसाठी लावू नये. शेजारच्या फलकावर बोटीची लांबी आणि वेग लिहाल, तिथेच ७४९ हा आकडाही लिहा. अडीच सेंटिमीटरचा प्लास्टिकचा खलाशी पाहून माणूस आठवत नाही. ते काम फलकाने करायचे असते.

स्वाध्याय

१. हीच बोट १:३५ प्रमाणात केल्यास तिची लांबी आणि वजन किती येईल?

२. १:३५ च्या प्रतिकृतीला ४० नॉटच्या तोडीचा वेग किती द्यावा लागेल?

३. या प्रतिकृतीसाठी पाच ओळींचा फलक तयार करा. त्यात यंत्राविषयी किमान एक आणि माणसांविषयी किमान दोन वाक्ये असावीत.