टॉर्च घेण्याआधी

चि. ऋतुजा,



साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला अप्रेंटिस म्हणून तुझी निवड झाल्याचं ताईनं सांगितलं, फार आनंद झाला. गाळप संपलंय, म्हणजे आता ओव्हरहॉलिंग. मोटारी, पॅनेल सगळं उघडेल. टेस्टर आणि मल्टीमीटर कोणता घ्यावा हे तिथले वायरमन सांगतील. टॉर्चबद्दल सहसा कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

दुकानदार आधी लांब झोत मारणारा टॉर्च पुढे करेल. तो घेऊ नकोस. तुझं काम हातभर अंतरावरचं. तिथे असा झोत मधोमध पांढराफटक ठिपका पाडतो आणि बाजूला काळोख ठेवतो. चकचकीत बसबारवरून तो उजेड उलट डोळ्यांवर येतो, बाहुली आकसते आणि शेजारच्या सावलीतला सैल नट दिसतच नाही. तुला पसरट, सगळीकडे सारखा पडणारा उजेड हवा. शंभर-दीडशे ल्युमेन पुष्कळ झाले. शिवाय एक अगदी मंद पायरी हवीच.

त्याहून महत्त्वाचा रंग. पांढरी एलईडी मुळात निळी असते. तिच्यावरच्या फॉस्फरच्या पिवळसर थरामुळे उजेड पांढरा दिसतो. स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल भाग फार तोकडा असतो. आणि आपल्या कामात बिघाड बहुतेक वेळा त्याच रंगात दिसतो. मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडलास की तीन लग दिसतील, त्यांच्यावर बगॅसची बारीक भुकटी बसलेली. ती पुसून बघ. दोन लगांपाशी तांबं तांब्यासारखंच असेल. तिसऱ्याचा नट सैल राहिला असेल तर तिथे तपकिरी झाक आलेली असते, कधी जांभळट, आणि वायरचं इन्सुलेशन कडेला किंचित करपलेलं. निळसर टॉर्चखाली हे सगळं करडं दिसतं, मळासारखं. आज ते दिसलं तर लग बदलून भागतं. नाही दिसलं तर भर हंगामात मोटार जाईल.

म्हणून पाकिटावर सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा शोध. जुन्या टंगस्टन बल्बचा तो जवळजवळ 100 असतो, साध्या एलईडी टॉर्चचा बहुधा 70च्या आसपास. तू 90च्या वरचाच घे. हा आकडा ज्या आठ रंगांवरून काढतात त्यांत गडद लाल नसतो; त्यासाठी आर9 हा वेगळा आकडा आहे, तो दिला असेल तर जास्तीत जास्त असलेला निवड. रंगतापमान 4000 ते 5000 केल्विन. अशा एलईडीचा उजेड तेवढ्याच सेलवर थोडा कमी पडतो, पडू दे. पाकिटावर काहीच छापलेलं नसेल तर तळहातावर उजेड मार. हात जिवंत, गुलाबी दिसला पाहिजे.

दुकानातच मंद पायरी लावून चालत्या पंख्यावरही मारून बघ. काही टॉर्च मंद करताना उजेड वेगानं चालू-बंद करतात, आणि पाती थबकल्यासारखी किंवा उलटी फिरल्यासारखी दिसतात. तसला टॉर्च नको. आणि शाफ्ट थांबला की नाही हे कुठल्याच टॉर्चच्या उजेडात ठरवू नकोस. आधी सप्लाय तोडायचा, कुलूप लावायचं.

सेल साधा पेन्सिल सेल असावा, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे घेतलेस तर उत्तम. त्याच मापाचा लिथियम-आयन सेलही येतो, पण तो 3.7 व्होल्टचा, 1.5 व्होल्टच्या टॉर्चमध्ये घातलास तर सर्किट जळू शकतं. अल्कलाइन सेल वापरलेस तर काम नसताना काढून ठेव, ते आतल्या आत पाझरतात.

बॉडी प्लॅस्टिकची घे. ॲल्युमिनियमची देखणी असते, पण चालू पॅनेलमध्ये हातातून निसटून दोन बसबारवर आडवी पडली तर फ्लॅश होईल. दोरी मनगटात अडकवच. मागे चुंबक असलेला टॉर्च मोकळ्या हातानं काम करायला सोयीचा खरा, पण त्याला लोखंडी किस चिकटतो आणि नेमका कॉन्टॅक्टरमध्ये झडतो, म्हणून पॅनेलपाशी नेण्याआधी पुसत जा.

वापरायची एक रीतही सांगतो. शाफ्टवर चीर शोधताना समोरून उजेड मारू नकोस. टॉर्च जवळजवळ शाफ्टला टेकवून आडवा उजेड सोड आणि सावकाश फिरव, म्हणजे चिरेची सावली पडते. की-वेचे कोपरे आधी बघ, चीर बहुधा तिथूनच सुरू होते.

मात्र हा टॉर्च डिस्टिलरीत अजिबात न्यायचा नाही. तिथे अल्कोहोलची वाफ असते आणि साध्या स्विचची ठिणगीही पुरते. टाकीसारख्या बंदिस्त जागेत 24 व्होल्टच्या वरचा हातदिवा नको आणि ज्वलनशील वाफ असेल तिथे फ्लेमप्रूफच दिवा हवा, असं 2025पर्यंत लागू असलेल्या 1948च्या कारखाने अधिनियमाच्या 36अ कलमात स्पष्ट लिहिलेलं होतं. तिकडे काम निघालं तर स्टोअरमधून प्रमाणित टॉर्च सही करून घे. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेची मान्यता त्यावर आहे ना, हे स्वतः वाच. कुणी 'दोन मिनिटांचं काम आहे, चल' म्हणालं तरी वाचल्याशिवाय आत जाऊ नकोस.

ताईला नमस्कार सांग. टॉर्चचे पैसे मी पाठवतो.

तुझा,
मामा