धुऱ्यावरची तार

हरभऱ्याला घाटे धरले की वर्धेकडच्या आमच्या गावांत दोन गोष्टी रात्रीच येतात, मोटारीची लाईन आणि डुकरं. लाईनीपायी माणूस अंधारात वावरात जातो आणि डुकरांपायी वावराला तार लागते. या दोन्हींची गाठ एका रात्री आमच्याच धुऱ्याला लागून पडली. पलीकडच्या शेजाऱ्यानं हरभऱ्याभोवती खुंट्या ठोकून जीआय तार फिरवली होती आणि तिला मोटारीच्या पेटीतून करंट सोडला होता. दिवस मावळला की जोडायचा, पहाटे काढायचा. तिसऱ्याच एका शेतकऱ्याचा सालदार "पानी द्याले चाल्लो" म्हणून घरून निघाला आणि जवळची वाट म्हणून त्या धुऱ्यावरून गेला. पायात साधी चप्पल, जमीन ओलिताची. सकाळी तो तारेवरच सापडला. डुकरांनी मात्र तार न पोचलेल्या वरच्या अंगाचा हरभरा खाऊन घेतला होता.

शेजारी काही दुष्ट माणूस नव्हता. आदल्या साली त्याचा भुईमूग डुकरांनी एका रात्रीत उकरून टाकला होता. जागल करून करून त्याचे डोळे खोल गेले होते. पण पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लावला, वर वीजचोरीचा, आणि वकिलाच्या पैशासाठी वावर गहाण पडलं. पंधरा-वीस हजारांचा हरभरा वाचवायला निघालेल्या माणसाचं हे झालं. सालदाराच्या घरचं तर बोलूच नये.

करंट लावणारा प्रत्येक जण सांगतो, "मी स्वतः लक्ष ठेवून असतो, तार लावल्याचं सगळ्यांना माहीत आहे." लक्ष कसलं ठेवणार? मध्येच लाईन जाते, माणूस खाटेवर आडवा होतो, डोळा लागतो आणि रात्री दोनला लाईन परत येते. तार त्या क्षणी पुन्हा जिवंत होते, त्याला मात्र जाग येत नाही. आणि सगळ्यांना म्हणजे कोणाला? शिकारीच्या वासानं फिरणाऱ्या वाघाला कोण सांगणार? एप्रिल 2017 मध्ये नागभीड तालुक्यात, रेडिओ कॉलर लावलेला श्रीनिवास हा वाघ डुकरांसाठी लावलेल्या अशाच तारेवर मेला. घाबरलेल्या शेतकऱ्यानं त्याला वावरातच पुरलं, पण ते लपून राहिलं नाही. वाघ, बिबट यांच्या बाबतीत वन्यजीव कायद्यात तीन ते सात वर्षांची कैद आहे. "मी तर डुकरासाठी लावली होती" हे सांगून त्यातून सुटका होत नाही.

आता झटका मशीन. बरेच जण त्यालाही करंटच समजतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घरच्या लाईनीचा करंट 230 व्होल्टचा असतो आणि तो वाहतच राहतो. त्यानं स्नायू आखडतात, हात तार सोडत नाही आणि हृदयाचा ताल बिघडतो. झटका मशीनच्या तारेत व्होल्ट हजारांत असतात, पण झटका सेकंदाच्या अगदी बारीकशा तुकड्यापुरता येतो आणि मग साधारण सेकंदभर काहीच नसतं. त्या मोकळ्या वेळात जनावर मागे सरतं, माणूस हात काढून घेतो. चमकायला होतं, शिवी निघते, पण सहसा जीव जात नाही.

मशीन घेतलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. डुकराच्या अंगावर राठ केस आणि जाड कातडं, त्यामुळे पाठीला तार लागली तर ते ढिम्म राहतं. झटका बसायला हवा तो ओल्या नाकावर. म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवरच हवी, दुसरी गुडघ्याखाली, तिसरी गुडघ्याच्या वर. लोक खालची तार फूटभर वर घेतात, कारण खाली घेतली की गवत लागतं. गवत लागलं की झटका जमिनीत जिरतो, हे खरं आहे, पण त्यावर उपाय गवत काढणं हाच. अर्थिंगचा रॉड खोल ठोका आणि माघ-फाल्गुनात जमीन कोरडी पडली की त्याच्या बुडाशी पाणी टाकत जा. निम्मी मशीनं बिघडलेली नसतातच, त्यांचं अर्थिंग कोरडं पडलेलं असतं.

तार लावायची ती घाटे भरण्याच्या आधी. डुकराला वावराची चव कळली की ते झटका खाऊनही मुसंडी मारून आत शिरतं. पहिल्याच रात्री नाक पोळलं तर कळप दुसरीकडे वळतो. दुसरीकडे म्हणजे शेजाऱ्याकडे, हेही लक्षात घ्या. एकट्यानं कुंपण केलं की भांडण ठरलेलं. आम्ही पुढे सलग धुऱ्यांची वावरं मिळून एकच तार फिरवली. खर्च वाटला गेला आणि गवत काढायची पाळीही लागली. सौर कुंपणाला वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, तुमचं गाव त्यात बसतं का ते वनपालाला विचारा.

दिवसा कळप कुठे असतो तेही शोधा. आमच्याकडे तो नाल्याकाठच्या टणटणीत आणि वेड्या बाभळीत पडून असायचा. वावराला टेकलेला झुडपांचा पट्टा साफ केल्यावर डुकरं थोडी तरी लांब गेली. न्हाव्याकडचे केस, जुन्या साड्या, फटाके, सगळं करून पाहिलं. आठवडाभर चालतं, मग डुकराला त्याची सवय होते. फोरेट, ज्याला आपल्याकडे थायमेट म्हणतात, त्याच्या वाटेला तर जाऊच नका. त्यावर बंदी आहे आणि मरतात ती गावची कुत्री, गुरं. कणकेत लपवलेल्या गावठी बॉम्बचंही तेच, तो गाईच्याही तोंडात फुटतो.

राहिली शिकार. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारण्याची लेखी परवानगी अधिकाऱ्याला देता येते, पण ती आधी हातात हवी, आणि बंदूकही परवान्याची. मारलेलं डुक्कर तुमचं नसतं, सरकारचं असतं. मटणाचे वाटे घातले की परवानगी असूनही तुम्ही गुन्हेगार. हे ऐकल्यावर निम्म्या शिकाऱ्यांचा उत्साह मावळतो, हे मी पाहिलंय.

एखादा दांडगा सुळेवाला नर मारून फारसं काही हातीही लागत नाही. तो बहुतेक एकटाच फिरतो. वावर उकरतो तो माद्यांचा कळप, आणि मादी चारेक महिन्यांत चार-सहा पिल्लं घालते. त्याहून वाईट म्हणजे जखमी डुक्कर. गोळी लागून तुरीत शिरलेलं डुक्कर दुसऱ्या दिवशी वैरण कापणाऱ्या बाईवर धावून येऊ शकतं. रक्ताचा माग काढत दाट पिकात शिरू नका, वनखात्याला कळवा. कुणाला सुळा लागलाच तर जखमेत हळद, चुना भरत बसू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि थेट दवाखाना गाठा. मांडीची जखम मिनिटांत जीव घेऊ शकते.

नुकसान झालं तर दोन-तीन दिवसांच्या आत अर्ज द्या, सोबत सातबारा आणि फोटो. पंचनाम्याआधी वावर वखरून टाकलंत तर दाखवायला काही उरत नाही. मिळणारे पैसे नुकसानीला पुरत नाहीत, तरी अर्ज करा. अर्जच नसले तर कागदावर आमच्या शिवारात डुकरं नाहीतच.

झटका मशीन विकत घेताना पावती आणि मानकाचा शिक्का बघून घ्या. बाजारात काही पेट्यांत नुसता ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, आणि ओळखीचा वायरमन स्वस्तात तीच करून देतो. चांगलं मशीन थांबून थांबून टकटक वाजतं. पेटी सलग गुणगुणत असेल, किंवा टेस्टरचा दिवा लुकलुकण्याऐवजी सारखा पेटत असेल, तर ती तारेला जोडू नका आणि दुसऱ्या कुणाला विकूही नका.