युद्धपटाने निराशा केली? काय करावे, काय टाळावे
भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या प्रेक्षकांसाठी

काय करावे

• तिकीट काढण्याआधी चित्रपट कोणत्या लढाईवर आहे ते पाहा; ‘पानिपत’चा (2019) शेवट विजयाचा असूच शकत नाही.
• मुलांना नेण्याआधी प्रमाणपत्र वाचा. ‘यूए’मध्ये आता 7+, 13+ आणि 16+ असे वेगळे वयोगट आहेत.
• लांबी पाहून खेळ निवडा. ‘एलओसी कारगिल’ (2003) चार तासांहून मोठा आहे आणि तो नागपूरला पाहिलात तर भंडाऱ्याला परतायला आणखी साठेक किलोमीटर पडतात.
• मांडणी समजून घ्या; ‘डंकर्क’मध्ये (2017) आठवडा, दिवस आणि तास असे तीन काळ एकत्र गुंफले आहेत.
• अस्वस्थ झालात की कंटाळलात, हे स्वतःला विचारा. अस्वस्थ करणे हे युद्धपटाचे कामच आहे.
• खटकले ते नेमके सांगा: पटकथा, अभिनय, संवाद, पार्श्वसंगीत की लांबी.
• तुलना बरोबरीच्या चित्रपटाशी करा. 1962 च्या भारत-चीन युद्धावरचा चित्रपट चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’शेजारी (1964) ठेवून पाहा.
• खरी घटना वाचून काढा. ‘120 बहादूर’ (2025) फसला वाटला तरी 18 नोव्हेंबर 1962 ची रेझांग ला येथील लढाई समजून घ्या.
• जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या कुटुंबाला सोबत नेताना आधी विचारा. 24 जानेवारी 2025 च्या स्फोटात तिथल्या कामगारांचे जीव गेले.

काय टाळावे

• झाडीपट्टीच्या नाटकातली लावणी आणि विनोद युद्धपटात शोधू नका. मंडईच्या रात्री रंगणाऱ्या त्या नाटकांची मजा वेगळी.
• झलक पाहून मत बनवू नका; झलकेत चकमकी असतात, चित्रपटात बहुधा वाट पाहणे असते.
• मध्यंतरात उठून आलात तर पूर्ण चित्रपटावर निकाल देऊ नका.
• अंधारात मोबाइल उघडू नका. शांत प्रसंगात तो उजेड शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो.
• मरणाच्या प्रसंगाला शिट्ट्या मारू नका. पुढच्या रांगेत एखाद्या जवानाचे आईवडील असू शकतात.
• चित्रपट पडला म्हणून सैनिकांना नावे ठेवू नका. दोष दिग्दर्शनाचा, लढणाऱ्यांचा नव्हे.
• शौर्याचा मान राखण्यासाठी रटाळ चित्रपटाची खोटी स्तुतीही करू नका.
• नापसंती सांगणाऱ्याच्या देशप्रेमावर शंका घेऊ नका. त्याने तिकिटाचे पैसे मोजले आहेत.
• पडद्यावरचे आकडे आणि तारखा इतिहास म्हणून पुढे पाठवू नका. आधी पुस्तकात पडताळा.
• न पाहिलेल्यांना शेवट सांगू नका. तुमची निराशा त्यांच्या माथी मारू नका.

चित्रपट नापसंत करण्याचा हक्क तुमचा आहे. तो कारण देऊन बजावा.