वस्तीची वंचितता कशी मोजावी?

इंग्लंडच्या जनगणनेत कुटुंबाचे उत्पन्न विचारले जात नाही. त्यामुळे कोणता विभाग अधिक हालाखीत आहे, हे तेथील संशोधकांना अप्रत्यक्ष खुणांवरून ठरवावे लागते. पीटर टाउनसेंड व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली उत्तर इंग्लंडमधील आरोग्य व वंचितता यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी अशा चार खुणा निवडल्या: बेकारी, मोटार नसणे, घर स्वतःच्या मालकीचे नसणे आणि दर खोलीस एकाहून अधिक माणसे असणे.

प्रथम प्रत्येक खूण शेकडेवारीत मांडावयाची. येथे छेद कोणता, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. बेकारीचा छेद सर्व लोकसंख्या नव्हे. काम करणारे व काम शोधणारे एवढेच लोक त्यात येतात. उरलेल्या तिन्ही खुणांचा छेद कुटुंबांची संख्या हा होय. बेकारी व दाटी यांचे आकडे बहुतेक वॉर्डांत लहान, तर थोड्या वॉर्डांत फार मोठे असतात. हा कल सौम्य करण्यासाठी शेकडेवारीत १ मिळवून तिचा लॉगरिथम घेतात. १ मिळविण्याचे कारण एवढेच की शून्याचा लॉगरिथम निघत नाही. त्यानंतर प्रत्येक आकड्यातून सर्व वॉर्डांची सरासरी वजा करून बाकीस प्रमाण विचलनाने भागावयाचे, आणि येणारे चार गुण मिळवावयाचे.

समजा, एका वॉर्डात बेकारी ९ टक्के आहे. १० चा नैसर्गिक लॉगरिथम २.३०. सर्व वॉर्डांच्या लॉगरिथमांची सरासरी १.८० व प्रमाण विचलन ०.५० असेल, तर गुण १.०० येतो. मोटार नसलेली कुटुंबे ३५ टक्के, सरासरी २५ व विचलन १० असल्यास गुण पुन्हा १.००. उरलेल्या दोन खुणांचे गुण ०.५० व ०.५० धरले, तर निर्देशांक ३.०० होतो. तो शून्याहून मोठा, म्हणजे वॉर्ड सरासरीहून वंचित. मात्र ही तुलना गणितात घेतलेल्या वॉर्डांपुरतीच असते. वॉर्डांचा संच बदलला की निर्देशांकही बदलतो.

हजारो वॉर्डांचे हे काम संगणकावर क्षणात होते. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी निर्माण केलेली ‘आर’ ही विनामूल्य भाषा यासाठी सोयीची आहे. तीतील ‘स्केल’ या आज्ञेने संपूर्ण स्तंभाचे प्रमाणित गुण मिळतात. लॉगरिथमचा पाया दहा घेतला काय किंवा नैसर्गिक घेतला काय, प्रमाणित गुण तेच येतात. त्याची चिंता नको. चिंता करावी ती दुसऱ्याच गोष्टीची. ‘मालकीचे घर नाही’ याऐवजी ‘मालकीचे घर आहे’ हा स्तंभ दिला, तर यंत्र मुकाट्याने उलटे उत्तर देते. तसेच भारतीय जनगणनेतील ०१ ते ०९ हे राज्यांचे संकेतांक संख्या म्हणून वाचले, तर आरंभीचे शून्य गळते आणि कोष्टके एकमेकांस जुळत नाहीत. म्हणून संकेतांक अक्षरे म्हणूनच वाचावेत.

हीच पद्धत जशीच्या तशी भारतास लावली तर काय होईल? २०११ च्या जनगणनेनुसार मोटार, जीप किंवा व्हॅन अवघ्या ४.७ टक्के कुटुंबांकडे होती. म्हणजे जवळजवळ सर्वच वॉर्ड या कसोटीवर सारखे ठरणार. घराच्या मालकीची कसोटी तर याहून घातक आहे. ग्रामीण भागात ९४.७ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती, शहरांत ६९.२ टक्के. मातीची झोपडीही मालकीचीच असते. या खुणेने खेडी संपन्न व शहरे दरिद्री ठरतील. निधीचे वाटप अशा आकड्यावर झाले, तर ज्यांना दवाखाना हवा त्यांनाच तो नाकारला जाईल. याउलट घराच्या आवारात शौचालय असलेली कुटुंबे त्याच वर्षी शहरांत ८१.४ टक्के, तर खेड्यांत ३०.७ टक्के होती. येथे हीच खूण अधिक बोलकी आहे.

अशा खुणा निवडल्यावर निर्देशांक एकदाच काढून थांबू नये. एकेक खूण आळीपाळीने वगळून पुन्हा क्रमवारी लावावी, आणि जी गावे दर वेळी वरखाली होतात त्यांची यादी वेगळी ठेवून तेथे प्रत्यक्ष पाहणी करावी.